खुंटीवर राहिलेला लॅपटॉप

आधी माफी मागतो. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नाही. आमच्या वाडीत कागदावर अंगठा उठवणारी माणसं जास्त, आणि माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. भिवंडीच्या ज्या वसतिगृहात राहून मी बारावी केली, तिथल्या बाईंनी सांगितलं, की बारावीच्या मुलांसाठी लिही, तू टेक्नॉलॉजीचंच विद्यापीठ का निवडलंस ते. मी दोनदा नाही म्हटलं. जो अजून पहिल्या वर्षात चाचपडतो आहे, त्याने दुसऱ्यांना वाट दाखवणं बरं दिसत नाही. शिवाय मला माझ्याच कारणांचा भरवसा वाटत नाही. तरी लिहितो आहे. वाडीत राहिलेल्यांनी आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनी, दोघांनीही हे जरा संशयानेच वाचावं.

मी विद्यापीठाकडे निघालो ती सकाळ सांगतो. अकलोलीच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला आमची कातकरवाडी आहे. तिथून फाट्यापर्यंत चालत यावं लागतं आणि मग भिवंडीची शेअर रिक्षा मिळते. आयने नाचणीच्या भाकऱ्या आणि सुकटाची पुडी जुन्या फडक्यात बांधून दिली होती. धाकटी बहीण सुगंधा माझी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन पुढे चालली होती. बा मागून, काठी टेकत. माझ्याजवळ पेटी होती, अंथरूण होतं, भाकऱ्या होत्या. ज्याच्याशिवाय तिथे जाण्यात काही अर्थ नव्हता, तो लॅपटॉप मात्र घरी खुंटीला टांगलेला होता, त्याच्या काळ्या बॅगेत, जसा आला तसा.

हे असं कसं झालं ते समजायला आमच्याकडची एक रीत माहीत असावी लागते.

भात कापून झालं की आमच्या वाडीतली बरीच घरं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. न्यायला मुकादम येतो. तो परका नसतो. आमचा मुकादम लहानूमामा, म्हणजे आयचा चुलतभाऊ. तोही आधी भट्टीवर माती तुडवायचा. मालकाने त्याला शर्ट-पँट दिली, मोबाईल दिला आणि सांगितलं, तुझी माणसं घेऊन ये. लहानूमामा आला की गोड बोलतो, पोरांच्या हातावर खाऊ ठेवतो आणि घरात काहीतरी ठेवून जातो. कधी तांदळाची पिशवी, कधी आयला लुगडं. त्याला उचल म्हणतात, म्हणजे आधीच दिलेली मजुरी. एकदा त्या वस्तूला हात लावला, की त्या घराने शब्द दिला असं धरतात. मग ताप असो, बाळंतपण असो, जावंच लागतं. आमची माणसं दिलेला शब्द मोडत नाहीत, आणि हे मालकाला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

एका वर्षी बाने जायचं नाही असं ठरवलं. मी तेव्हा तिसरीत होतो. लहानूमामा नेहमीसारखा आला आणि पिशवी ठेवून गेला. बाने ती काठीने उचलून खुंटीला टांगली आणि आम्हाला सांगितलं, कोणी हात लावायचा नाही. घरात तांदूळ संपले होते, तरी पिशवी तशीच लोंबत राहिली. शेवटी लहानूमामा आला, शिव्या देत ती घेऊन गेला, आणि आम्ही त्या वर्षी वाडीतच राहिलो. मी शाळेत टिकलो तो त्यामुळे.

आता विद्यापीठाचे सर आमच्या घरी आले तो दिवस. बारावीनंतर त्यांनी भिवंडीत आम्हा मुलांची परीक्षा घेतली होती आणि माझी निवड झाली होती. फी माफ, राहणं-खाणं माफ. सर गाडी करून आले होते. टाय होता, बुटांना आमचा लाल चिखल लागला होता, आणि त्याबद्दल ते हसत होते. माणूस वाईट नव्हता. आयने दिलेला कोरा चहा त्यांनी सगळा प्यायला.

बाने पहिला प्रश्न केला, "तुमचा मुकादम कोन?"

"मुकादम वगैरे कोणी नाही, काका. आमचं डायरेक्ट असतं."

"मंग तुमी कोन?"

सर जरा गोंधळले. मी मध्ये पडून म्हणालो, हे सर आहेत, अ‍ॅडमिशनचं बघतात.

"पोराला नेनार, खायला घालनार, शिकवनार," बा म्हणाला. "आनि तुमाला काय मिळंल?"

"समाधान," सर म्हणाले.

बाने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखतो. कोंबडी विकायला आलेला माणूस कोंबडीचे पाय लपवून धरतो, तेव्हा बा तसं बघतो.

मग सरांनी ती बॅग पुढे केली. विद्यापीठाचं नाव छापलेली, सीलबंद, आत लॅपटॉप, टी-शर्ट, पाण्याची बाटली. "वेलकम किट आहे, काका. प्रत्येक मुलाला देतो, आधीच." त्या "आधीच" शब्दावर बाचे दोन्ही हात पाठीमागे गेले. सर बॅग धरून उभे राहिले, आणि शेवटी त्यांनीच ती कुडाच्या खुंटीला अडकवली. जाताना म्हणाले, "काका जरा लाजतात वाटतं."

गाडी गेल्यावर बा म्हणाला, "समाधानासाठी कोनी गाडी करून येत न्हाय."

फाट्यावर रिक्षा आली तेव्हा मी धीर करून विचारलं, बॅग आणू का? बा म्हणाला, "ऱ्हाऊ दे तितं. तू तिला हात लावला न्हायस तवर तू सुटा हायस. उद्या पटलं न्हाय तर उठायचं नि यायचं. कोन आडवनार न्हाय." मी वाद घातला नाही. खरं म्हणजे मलाही आतून तसंच वाटत होतं. बारावी सायन्सला चांगले गुण मिळवलेला मुलगा मी, आणि लॅपटॉपला हात लावला तर बांधला जाईन असं मला वाटत होतं. हे वाचून कोणी हसलं तर हसू दे.

विद्यापीठ हैदराबादच्याही पुढे आहे. गाडीतून उतरल्यावर बसने बराच वेळ माळरान लागतं, आणि मग एकदम काचेच्या इमारती दिसतात. आमच्याकडे घराला कारवीच्या काठ्यांचा कूड असतो, त्याच्या फटीतून बाहेरचं दिसतं आणि बाहेरच्याला आतलं. इथे काचेतून सगळं दिसतं, पण आत जायला गळ्यातलं कार्ड दाखवावं लागतं. मी अजूनही दारापाशी क्षणभर थांबतो. दार आपोआप उघडतं, ते कोणी तरी बघून उघडल्यासारखं वाटतं.

पहिल्या आठवड्यात एका तासाला आम्हाला उभं करून विचारलं, तू हेच विद्यापीठ का निवडलंस? मुलं पटापट बोलली. एआय, रोबोटिक्स, स्टार्टअप, प्लेसमेंट. एक मुलगी म्हणाली, तिला लहानपणापासून मशीन खोलून बघायची सवय आहे. सगळ्यांचं ऐकून मला वाटलं, हे कुठून तरी पाठ करून आले आहेत. माझा रूममेट वेंकट गुंटूरकडचा. तो म्हणाला, "इनोव्हेशन की वजह से." रात्री जेवताना मी त्याला पुन्हा विचारलं, तर म्हणाला, "मामाचा मुलगा इथून अमेरिकेला गेला. घरात त्याचा फोटो देवाच्या शेजारी लावलाय. मी दुसरीकडे जाऊच शकत नव्हतो." दुसरा एक नागपूरकडचा, त्याला डॉक्टर व्हायचं होतं, नंबर लागला नाही. म्हणजे वर्गात सांगायचं कारण एक असतं आणि जेवताना सांगायचं दुसरं. त्या मशीन खोलणाऱ्या मुलीचं कारण मात्र दोन्हीकडे एकच निघालं. तिच्यावर मी उगाच शंका घेतली होती.

माझी पाळी आली तेव्हा मी "टेक्नॉलॉजी आवडते" एवढंच म्हटलं आणि खाली बसलो. जेवताना सांगायचं कारण इथे सांगतो.

बारावीची परीक्षा झाल्यावर मी भिवंडीच्या एका गोडाऊनमध्ये ड्युटीला लागलो होतो. आमच्याकडची निम्मी पोरं तिथेच असतात. हातात स्कॅनर देतात. त्याच्या पडद्यावर येतं, अमुक रॅकला जा, अमुक खोकं उचल. खोकं उचलून ते स्कॅन केलं की पुढचा आकडा येतो. जरा दम खाल्ला की स्कॅनर टीं टीं वाजतो. मी सुपरवायझरला विचारलं, हे कोण सांगतं? तो म्हणाला, "मशीन बोलता है रे. तू चल." मी म्हटलं, मशीन को कौन बोलता है? तो म्हणाला, "तेरा बाप. चल, शिफ्ट खराब मत कर."

पण मला राहवेना. एकदा स्कॅनरने मला गोडाऊनच्या या टोकावरून त्या टोकाला नेलं, तिथून परत या टोकाला. दोन्ही खोकी शेजारशेजारच्या रॅकवर असती तर काय बिघडलं असतं, मला कळेना. सोबतचे म्हणाले, मशीनला कळतं. मला वाटलं, मशीनच्या मागे कोणी तरी बसलेला आहे. त्याने हे असंच ठरवलंय, किंवा त्याचं चुकलंय, आणि त्याला माझे पाय दिसत नाहीत. भट्टीवर निदान मालक समोर खाटेवर बसलेला असायचा. इथे तो कुठे आहे तेच माहीत नव्हतं. मला तो बघायचा होता. मला वाटतं, माझं कारण एवढंच. मला मशीनचा संशय आला, म्हणून मी मशीनच्या विद्यापीठात आलो.

लॅपटॉपचा विषय लवकरच निघाला. प्रत्येक लॅपटॉपवर नंबर होता, आणि लॅबमध्ये तो आणून त्यात प्रोग्राम भरून घ्यायचे होते. लॅबच्या सरांनी विचारलं, तुझा कुठे?

"घर पे है, सर."

"घर पे क्यों?"

"टांग के रखा है."

सगळी लॅब हसली. माझं हिंदी भिवंडीचं, लूमवाल्यांच्यात शिकलेलं, त्याला ते आधीच हसायचे. सरांना वाटलं, मी चेष्टा करतोय. त्यांनी मला ऑफिसला पाठवलं. तिथल्या साहेबांनी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "बेच दिया? सच बोलेगा तो रास्ता निकालेंगे." मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे ते ठरवूनच बसले होते. आमच्यासारख्या घरातून आलेला मुलगा म्हणजे विकलाच असेल. त्यांनी सांगितलं, लॅपटॉप हजर कर, नाहीतर तुझी फीमाफी पुन्हा तपासावी लागेल. माफी गेली, तर मी इथे राहू शकत नव्हतो.

घरी फोन लावला. बा फोनवर बोलत नाही, त्याला कानात आवाज नको वाटतो. आयने विचारून सांगितलं, "बा न्हाय म्हनतो. कुरिअरवाल्याच्या हातात दिला म्हंजे आपन घेतला नि पुढं धाडला, आसं व्हतं." मी म्हटलं, आय, इथे नाव कापतील. आयने विचारलं, "तू जेवलास का?"

मी वेंकटच्या लॅपटॉपवर तो झोपल्यावर असाइनमेंट करू लागलो. त्याने एकदा कूस बदलून विचारलं, माझं काही वाचतोस का? नाही म्हटलं, तर तो पुन्हा झोपला. त्याने पासवर्ड मला आपणहून दिला होता. तो का दिला असेल, यावर मी कितीतरी दिवस विचार करत राहिलो. आता कळतं, दिला एवढंच.

मग प्रसिद्धी विभागाच्या मॅडमनी बोलावलं. त्यांच्या खोलीत छान वास होता. त्यांना लॅपटॉपचं सगळं माहीत होतं, पण त्या विषयाकडे वळल्या नाहीत. म्हणाल्या, एक छोटा व्हिडिओ करायचा आहे, "मी हे विद्यापीठ का निवडलं". कॅमेऱ्यात बघून बोलायचं, लिहून त्या देतील. आणि सुट्टीत त्यांच्या टीमबरोबर तुमच्या भागातल्या शाळांत जायचं, मुलांना भेटायचं. "तुझं ऐकतील ते. तू त्यांच्यातला आहेस ना." त्यांनी एक नवा निळा कोट दाखवला, खिशावर विद्यापीठाचं चिन्ह असलेला. हा तुझा, म्हणाल्या. लॅपटॉपचं आपण बघू.

त्या निळ्या कोटाकडे पाहताना मला लहानूमामाची शर्ट-पँट दिसली. मॅडम वाईट नव्हत्या, सरही नव्हते, आणि विद्यापीठ म्हणजे वीटभट्टी नाही हे मलाही कळतं. इथे मला कोणी मारत नाही, पोटभर जेवायला मिळतं, आणि सांगायला हरकत नाही, शिकायला मला फार आवडू लागलं होतं. पण मुकादम होण्याआधी लहानूमामालाही कोणी तरी असंच म्हटलं असेल, तू त्यांच्यातला आहेस ना.

मी मॅडमना म्हटलं, व्हिडिओ करतो, पण मी गोडाऊनच्या स्कॅनरचं सांगेन. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, इंटरेस्टिंग आहे, पण पॉझिटिव्ह नाही. मी म्हटलं, मग मला नाही जमणार. कोट टेबलावरच राहिला. बाहेर आलो. चांगलं काम केलं असं काही वाटलं नाही. आपण हातानेच आपलं नाव कापलं, एवढंच वाटलं.

त्यानंतर घरचे फोनवर नीट बोलेनात. बा कुठे आहे विचारलं तर आय म्हणायची, "गेलाय भिवंडीला." भिवंडीला बा कामाशिवाय जात नाही, आणि कशाला गेला ते ती सांगेना. सुगंधाला विचारलं तर तीही, "मला न्हाय म्हाईत, दादा." माझ्या मनात नको ते यायला लागलं. बाने लॅपटॉप विकला असेल. घरात दाणे संपले असतील. ऑफिसातल्या साहेबांनी माझ्याबद्दल जे धरलं होतं, तेच मी बाबद्दल धरून बसलो. संशय घ्यायला मी बाकडूनच शिकलो होतो, आणि तो बावरच वापरत होतो.

इथे येण्यापूर्वी घर म्हणजे काय असं कोणी विचारलं असतं, तर मी कूड, चूल, आयच्या हातच्या भाकरीचा वास असं काहीतरी सांगितलं असतं. सगळे तेच सांगतात, आणि ते खोटंही नाही. आता विचाराल तर सांगेन, जिथे माझ्या वतीने कोणी तरी संशय घेतो, ते घर. इथे माझ्यावर संशय घेणारे पुष्कळ आहेत. मला काय मिळतंय आणि त्याच्या बदल्यात माझं काय जातंय, हे माझ्यासाठी डोळे बारीक करून बघणारी माणसं फक्त त्या वाडीत आहेत. बा कधी कधी चुकतो. लॅपटॉपच्या बाबतीत तो अर्धा चुकलाच, कारण मुकादमाच्या लुगड्यात आणि त्या मशीनमध्ये फरक आहे, त्याच्याशिवाय माझं खूप अडलं. पण चुकला तरी तो माझ्या बाजूने चुकला.

एके दिवशी दुपारी मेसच्या रांगेत ताट हातात घेऊन उभा होतो, तेव्हा सुगंधाचा फोन आला. मागे गाड्यांचे आवाज होते. ती भिवंडीतून बोलत होती.

"दादा, बाने बॅग दिली."

"कोणाला दिली?"

"सरांना. परत. आमी आत्ता त्यांच्याच हाफिसातून निंगालो."

मग तिने सगळं सांगितलं. बा त्या सरांचं ऑफिस शोधत याआधी दोन खेपा भिवंडीला येऊन गेला होता. पहिल्यांदा पत्ता कळला नाही, दुसऱ्यांदा शटर बंद होतं. मला सांगू नका असं त्यानेच बजावलं होतं, पोरगा उगाच घाबरंल म्हणून. आज तो पाटी वाचायला सुगंधाला घेऊन गेला. बॅग त्याने काठीला अडकवून खांद्यावरून नेली, रिक्षातही तशीच धरून बसला. हाताने शिवला नाही. रिक्षावाल्याने विचारलं, "काका, इसमें साप है क्या?" बा म्हणाला, "म्हाईत न्हाय. उघडली न्हाय."

सरांनी बॅग फिरवून पाहिली. बॅगेचं सील तसंच होतं. म्हणाले, "काका, अहो, याच्याशिवाय तो शिकणार कसा?"

"आजून शिकतोय ना?" बाने विचारलं.

"हो, शिकतोय."

"मंग झालं. ही तुमची तुमी मोजून घ्या, नि तितं कळवा, पोरानं काय इकला न्हाय."

सरांनी त्याच्यासमोरच इथे फोन लावला. संध्याकाळी ऑफिसातल्या साहेबांनी मला बोलावलं, लॅपटॉप न वापरलेला परत मिळाला आहे, तुझं प्रकरण मिटलं, माफी चालू राहील म्हणाले. मग त्यांनी दुसरी फाईल उघडली. लॅबच्या सरांनी मला लॅबमधला एक कॉम्प्युटर संध्याकाळी वापरायची परवानगी दिली. मी त्यावर अजून शिकतो आहे. मशीनमागे कोण असतो ते थोडं थोडं दिसायला लागलंय.

पण फोन तेवढ्यावर संपला नव्हता. सुगंधा थोडी घुटमळली. यंदा ती बारावीला आहे. सरांनी तिला बघून विचारलं होतं, ताई, तू कितवीत? टेक्नॉलॉजीत रस आहे का? पुढच्या वर्षी आम्ही घरी येऊ.

"मंग बा काय म्हणाला?" मी विचारलं. ताट माझ्या हातातच होतं, मागचे पुढे गेले होते.

"बा म्हनला, घरी येऊ नका. तिचा भाऊ हाय तितं. तो बघून सांगंल."